विश्लेषण : चालता ‘आय-फाइव्ह’ कालबाह्य कसा ठरला?

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अनेक जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे सुरळीत चालणारे, मध्यम किमतीचे हजारो डेस्कटॉप संगणक आता मालकांना कोड्यात टाकत आहेत. प्रोसेसर बदलायचा, संगणक बदलायचा की काहीच करायचे नाही?

नालवाडीसारख्या गावात हा प्रश्न मोठा का?

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत, किंवा जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारपेठेच्या गावात, डेस्कटॉप संगणक हौसेपेक्षा पोटासाठी जास्त चालतो. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान, कर सल्लागाराचे कार्यालय, फोटो स्टुडिओ, शिकवणी वर्ग. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ही सगळी कामे एका खोक्यावर होतात. विनोबा भावे १९३०च्या दशकात याच नालवाडीत टकळीवर सूत कातून दिवसाची रोजी किती पडते, याचा हिशेब मांडत होते. साधन स्वस्त असावे, दुरुस्त होण्याजोगे असावे आणि त्यावर पोट भरावे, ही अपेक्षा इथल्या संगणकमालकाचीही आहे.

अशा मालकाकडे बहुधा मधल्या दर्जाचा प्रोसेसर असतो. इंटेलचा कोअर आय५ किंवा एएमडीचा रायझन ५. अनेकांनी तो नवा घेतलेला नसतो. कॉर्पोरेट कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप ‘रिफर्बिश्ड’ म्हणून छोट्या शहरांत विकले जातात आणि त्यांत सहाव्या-सातव्या पिढीचे आय५ भरपूर असतात. विकताना दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे’ एवढेच सांगतो. कितव्या पिढीचा, हे गिऱ्हाईकही विचारत नाही. आता अडले आहे ते नेमके इथेच.

नाव ‘आय५’, पण कितवा?

आय५ हे नाव एका प्रोसेसरचे नसून दर्जाचे आहे. २००९ पासून ते दरवर्षी नव्या माल्यावर चिकटत आले. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. आय५-७४०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. आय५-१२४०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी. सातव्या पिढीचा आय५-७४०० २०१७ च्या जानेवारीत आला, चार कोअरचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठव्या पिढीचा आय५-८४०० आला, सहा कोअरचा. नऊ महिन्यांचे अंतर. पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीची रेषा या दोघांच्या मधूनच जाते.

त्यातून काही विचित्र निकाल लागतात. चार कोअर, आठ थ्रेडचा, एके काळी आय५ पेक्षा कितीतरी महाग असलेला आय७-७७०० यादीबाहेर आहे. दोन कोअरचा स्वस्त सेलेरॉन जी४९०० मात्र आठव्या पिढीच्या घराण्यातला म्हणून यादीत आहे. वेगाच्या कसोटीवर ही निवड टिकत नाही. मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतल्या आय७-७८२०एचक्यूला ठरावीक संगणकांपुरता अपवाद केला. तो प्रोसेसर कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता, हा योगायोग ग्राहकांच्या नजरेतून सुटलेला नाही.

कंपनीचे म्हणणे काय?

मायक्रोसॉफ्टचा मुद्दा सुरक्षेचा आहे. टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि प्रोसेसरच्या पातळीवरची काही संरक्षणे विंडोज ११ मध्ये गृहीत धरली आहेत. शिवाय चाचणीच्या काळात पात्र नसलेल्या संगणकांत कर्नल पातळीवरचे बिघाड ५२ टक्के जास्त आढळले, असे कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले होते. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटी प्रोसेसरच्या रचनेतल्याच होत्या आणि त्यांच्यावरच्या उपायांनी जुने संगणक थोडे मंदही झाले. पण सातव्या पिढीच्या बहुतेक आय५ संगणकांत फर्मवेअरमधला टीपीएम २.० असतो. तो चालू करूनही यादी त्यांना नाकारतेच.

उलटही घडते. आठव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या संगणकालाही ‘पीसी हेल्थ चेक’ हे तपासणी साधन नापास करते, कारण बायोसमध्ये टीपीएम बंद असतो. इंटेलच्या मदरबोर्डवर तो ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडतो. सेटिंग बदलायला पाच मिनिटे लागतात. ते न पाहता नवा संगणक विकत घेणे म्हणजे फ्यूज उडाला म्हणून पंखा बदलण्यासारखे.

रायझन ५ घेणाऱ्यांचे काय?

इथेही आकडे चकवतात. २०१७ चा रायझन ५ १६०० यादीबाहेर, २०१८ चा रायझन ५ २६०० आत. मग रायझन ५ २४००जी? आकडा दोन हजारांचा, पण आतली रचना पहिल्या पिढीची, म्हणून तोही बाहेर. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही म्हणून हा प्रोसेसर भारतात बजेट संगणकांत खूप गेला. त्याच्या मालकांना ‘आपला दुसऱ्या पिढीचा’ हा समज महागात पडला आहे.

तरीही जुन्या रायझनचे मालक इंटेलवाल्यांपेक्षा नशीबवान ठरले. एएमडीने ‘एएम४’ ही प्रोसेसरची बैठक वर्षानुवर्षे बदलली नाही. २०२२ पासून सुरुवातीच्या ए३२०, बी३५० मदरबोर्डांनाही ५००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट मिळाले. म्हणजे मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट तेच ठेवून १६०० काढायचा आणि ५६०० किंवा ५६००जी बसवायचा. बायोस अपडेट मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावा लागतो. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे यूपीएसची बॅटरी धड आहे ना, हे आधी पाहावे. ५६०० आणि ५६००जी यांतले ‘जी’ अक्षरही महत्त्वाचे: नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, तो बसवून मॉनिटर लावला तर पडदा काळाच राहील. इंटेलमध्ये हेच काम ‘एफ’ करते. आय५-१२४००एफ स्वस्त पडतो, कारण त्यात ग्राफिक्स नसते.

एएमडीवाल्यांनाही त्रास झालाच. विंडोज ११ वर एफटीपीएम चालू केल्यावर संगणक मधूनच क्षणभर अडखळतो, आवाज तुटतो, अशा तक्रारी आल्या. मार्च २०२२ मध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि दुरुस्ती बायोस अपडेटमधून दिली. तो अपडेट कधीच न घेतलेले संगणक आजही सापडतात. अडखळणाऱ्या रायझनवर पहिला उपाय तोच.

इंटेलच्या मालकांसाठी वाट अरुंद आहे. सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी दोन्ही ११५१ पिनांच्या बैठकीवर बसतात. दिसायला खाच सारखीच. पण सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. जुन्या बाजारातून आय५-८४०० आणून घरी बसवायला गेलेल्याला हे पैसे दिल्यानंतर कळते.

प्रोसेसर खरोखर बिघडतो का?

क्वचित. साध्या वापरात आधी जाते ती हार्ड डिस्क, मग एसएमपीएस, मग मदरबोर्ड. प्रोसेसर बहुधा या सगळ्यांना पुरून उरतो. पण दुकानात अख्ख्या कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणायची सवय असल्यामुळे ‘सीपीयू गेला’ या निदानाचा अर्थ काहीही निघू शकतो.

याला अलीकडचा मोठा अपवाद इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा. आय५-१३६००के, १४६००के आणि त्यांच्या वरच्या प्रोसेसरांवर गेम आणि प्रोग्रॅम कारण नसताना बंद पडू लागले. जुलै २०२४ मध्ये इंटेलने कारण सांगितले: मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्त्या आल्या, बायोस अपडेटच्या रूपात. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर त्यातून बरा होत नाही. कंपनीने बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून एकूण पाच वर्षे केली. खोक्यातून घेतलेल्या प्रोसेसरसाठी इंटेलकडे थेट दाद मागता येते. ‘ट्रे’ मालातला सुटा प्रोसेसर असेल, तर ज्याने विकला त्याच्याकडे. बिल जपून ठेवण्याचे कारण एवढे पुरेसे आहे. आय५-१२४०० आणि १३४०० हे कमी विजेचे, छोट्या कार्यालयांत जास्त दिसणारे प्रोसेसर या यादीत नाहीत.

विदर्भातला उन्हाळा

मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा संगणक मंद झाल्याच्या तक्रारी वाढणे स्वाभाविक आहे. प्रोसेसरवरचा पंखा त्याची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो. खोली २५ अंशांची असताना प्रोसेसर ६५ अंशांवर चालत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तोच, त्याच कामाला, ८० अंशांच्या घरात जातो. त्यात जाळीवर धुळीचा थर बसलेला आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट पाच-सात वर्षांत वाळून कडक झालेली. आय५-७४०० ची मर्यादा १०० अंशांची, रायझन ५ ५६०० ची ९०. त्या उंबरठ्यावर पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालकाला वाटते व्हायरस आला, किंवा ‘आय५ जुना झाला’.

उपाय फुटकळ खर्चाचा आहे. ब्लोअरने धूळ उडवायची, पेस्ट नवी लावायची, इंटेलच्या मूळ पंख्याच्या चारही पिना नीट बसल्या आहेत ना ते पाहायचे. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढायचे. वाळ्याच्या कुलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नये: दमट हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना आणि मदरबोर्डला चिकटून बसते, आणि ती ब्लोअरने निघत नाही.

दुसरा फरक एसएसडीचा. सातव्या पिढीच्या आय५ ला हार्ड डिस्कऐवजी साधी साटा एसएसडी लावली, तर चालू व्हायला काही मिनिटे घेणारा संगणक काही सेकंदांत तयार होतो. सेवा केंद्रातले काम बहुतांश ब्राउझरमधले; एका वेळी दहा-पंधरा टॅब उघडे. त्यात प्रोसेसरच्या आधी ४ जीबी रॅम कमी पडते.

मग आता पर्याय कोणते?

घरगुती संगणकासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर फुकट, नाही तर ३० डॉलर. व्यवसायांना पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. जुन्या आय५ वर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

यादी डावलून विंडोज ११ बसवता येते आणि अनेक दुकानांत ते करूनही मिळते. रोजचे काम चालते. पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. शिवाय २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओच्या काळातले प्रोसेसर सुरूच होत नाहीत. लोकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या केंद्राने ही वाट धरू नये.

लिनक्स मिंट किंवा उबुंटू सातव्या पिढीच्या आय५ वर उत्तम चालतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलकही तयार असतो. विद्यार्थ्याला किंवा घरच्या वापराला एवढे पुरते. टॅली, कृतिदेव-श्रीलिपीवरचे जुने डीटीपीचे काम, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांवर ज्याचा धंदा आहे, त्याचे मात्र विंडोजवाचून अडते.

बदल करायचाच असेल तर आधी रॅमचे भाव विचारात घ्यावेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी खेचून घेतल्याने २०२५ च्या अखेरीस ते झपाट्याने वाढले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी जुन्या आय५-७४०० मधली डीडीआर४ रॅम फेकून देऊ नये. डीडीआर४ चालणारा एच६१० मदरबोर्ड आणि आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० घेतला, तर रॅम, एसएसडी, मॉनिटर आणि, कंपनीचे खास मापाचे नसेल तर, कॅबिनेट आणि एसएमपीएसही तेच वापरता येतात. चार कोअरचा आय३-१२१०० जुन्या आय५-७४०० पेक्षा ठळकपणे वेगवान आहे. सरकारी अर्ज, टॅली आणि फोटोंच्या साध्या कामाला त्याहून वरचे काही लागत नाही. नवा ‘एएम५’ रायझन घेतला, तर डीडीआर५ रॅम नव्याने घ्यावीच लागते.

जुना संगणक विकताना किंवा भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्यावी. सेवा केंद्राच्या डिस्कवर वर्षानुवर्षांचे आधार, बँक पासबुक आणि जातीच्या दाखल्यांचे स्कॅन पडून असतात आणि नुसते फॉरमॅट केल्याने ते नेहमी कायमचे पुसले जातातच असे नाही. उरलेला सांगाडा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जायला हवा.