खानापूरच्या दोन नद्या

सुगी आटोपली, भात घरात आले, नाताळही पार पडला, म्हणजे मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "यंदा सहलीला कुठे जायचे?" मग दूरच्या शहरांची नावे निघतात, मोटारीच्या भाड्याचा हिशेब होतो आणि पुष्कळदा तो हिशेब पाहूनच बेत मागे पडतो. परंतु वाचकहो, आपल्याच तालुक्यात परमेश्वराने काय मांडून ठेविले आहे, याचा विचार आपण कितीसा करतो? पाहुण्यांना जे दाखवावे असे आपल्या दारी आहे, तेच आपल्या मुलांनी पाहिलेले नसते.

बेळगावपासून सुमारे सव्वीस किलोमीटरवर असलेले खानापूर हे तालुक्याचे गाव. बेळगाव-लोंढा लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, त्यामुळे ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्यालाही येथे येणे अवघड नाही. येथील तांबड्या मातीची कौले, विटा आणि मडकी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. चाकावर फिरणाऱ्या मातीला कुंभाराचा हात आकार कसा देतो, हे मुलांनी एकदा जवळून पाहावे. कुंभार आणि माती यांचा यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दाखला त्यांना मग निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

गावाजवळून मलप्रभा वाहते. जवळच असोगे येथे नदीकाठी रामलिंगेश्वराचे देवस्थान असून खडकांमधून वाहणारे पाणी व काठची झाडी यांमुळे ती जागा फार रमणीय झाली आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी हलशीस जावे. हीच प्राचीन पलाशिका, कदंब राजांची एके काळची राजधानी. तेथील भूवराह-नरसिंह मंदिर गोव्याच्या कदंबांच्या काळातील, बाराव्या शतकातले आहे. एकाच मंडपाच्या दोन टोकांस समोरासमोर दोन गाभारे, अशी त्याची रचना आहे. आपला धर्म निराळा असला तरी पूर्वजांचे हे शिल्प सर्वांचाच वारसा आहे. तेथे आदराने, पादत्राणे काढून व आवाज आवरून वावरावे. नंदगड येथे २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णा यांस फाशी दिले. त्यांचे स्मारकही मुलांना अवश्य दाखवावे.

परंतु या तालुक्याचे खरे नवल त्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत आहे. जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागते. तेथे माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. समुद्र येथून किती जवळ! तरीही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, सुमारे ३०४ किलोमीटर चालून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि तिच्यासंगे बंगालच्या उपसागरास जाते. वाटेत हुबळी-धारवाडच्या लोकांची तहान ती भागविते. याच तालुक्याच्या भीमगड अरण्यात म्हादई उगम पावते. ती मात्र पश्चिमेस वळून गोव्यात उतरते व मांडवी या नावाने जुन्या गोव्यावरून समुद्रास मिळते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास आपल्यापैकी कित्येक कुटुंबे जातात. बॉम जेझू बासिलिकेपासून जवळच जी नदी वाहते, तिचा पहिला पाझर आपल्याच रानात आहे, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल?

या पाण्याच्या वाटणीवरून कर्नाटक व गोवा यांत दीर्घकाळ वाद आहे. २०१८ साली लवादाने निवाडा दिला, तरी तो वाद मिटलेला नाही. आपले नातलग घाटाच्या दोन्ही बाजूंस आहेत. म्हणून निदान आपण तरी या पाण्याकडे भांडणाचा विषय म्हणून न पाहता देणगी म्हणून पाहावे.

भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ ही अत्यंत दुर्मीळ जात राहते. वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाऊ नये. ज्या जिवांना दुसरे घर नाही, त्यांच्या घरात आपण गोंगाट करावा हे शोभत नाही.

आता एक कटू आठवण सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही धर्मग्रामातील मुलांना घेऊन नदीकाठी गेलो होतो. वाटेत सर्वांनी मिळून जपमाळ म्हटली, सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली. परंतु पाणी कसे आहे, हे काठावरच्या एकाही माणसास आम्ही विचारले नाही. चौदा वर्षांचा एक मुलगा चेंडू आणावयास गुडघाभर पाण्यात शिरला आणि दुसऱ्या पावलास दिसेनासा झाला. वाळू उपसल्यामुळे पात्रात खोल खड्डा पडला होता. वरून पाणी मात्र संथ दिसत होते. पलीकडे म्हशी धूत असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने उडी घालून त्यास बाहेर काढले. मुलगा वाचला. त्या रात्री त्याच्या आईपुढे उभे राहताना आम्हांस मान वर करवेना. प्रार्थना करणाऱ्याने सावधगिरी सोडावी, असे देवाने कोठेही सांगितलेले नाही.

म्हणून पावसाळ्यात धबधब्यांच्या नादी लागू नये. डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही अचानक येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाण्यात उतरण्यापूर्वी गावकऱ्यांस विचारावे, मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम एका प्रौढाकडे नेमून द्यावे आणि मद्याची बाटली सहलीत नसावी. भाकरी, चटणी, शेंगदाण्याचे लाडू घरूनच न्यावेत. प्लास्टिकचा कचरा मात्र जसा नेला तसा परत आणावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सर्वांचे सामाईक घर म्हटले आहे. स्वतःच्या घरात कोणी उष्ट्या पत्रावळी टाकून निघून जातो काय?

येत्या सुटीत एखाद्या रविवारी सकाळची मिस्सा आटोपून कणकुंबीची वाट धरा. उगमाचे ते इवलेसे पाणी मुलांना दाखवा आणि ते कुठवर जाते हे सांगा. घरी परतल्यावर नळाखाली तांब्या धरताना त्यांना ते आठवले, तर सहलीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.