तासाला 175 डॉलर

सकाळी 7.20
ब्रुकलिनच्या कोर्ट स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीत वकीलबाईंची खोली आहे. खोली त्यांची, झेरॉक्सचं मशीन चार वकिलांत मिळून. सप्टेंबर 2025 मधला मंगळवार. नाव छापायचं नाही या अटीवर आज मी त्यांच्यामागे फिरणार आहे.

आल्या आल्या त्या संगणकावर बिलांची यादी उघडतात. सगळी बिलं पाठवून झालेली, पैसे एकाचेही नाहीत. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या गुन्ह्यात ज्याला वकील परवडत नाही, त्याला कोर्ट वकील देतं. काही वकील सरकारी पगारावर असतात, बाकीचे यांच्यासारखे खासगी, कोर्टाच्या यादीवरचे. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनल असतं, तसंच हे. कायदा 1964 चा. 2025 चा दर तासाला 175 डॉलर. त्यातूनच खोलीचं भाडं, विमा, मदतनीस मुलीचा पगार. यंदा या फीसाठी मंजूर झालेली रक्कम 3 जुलैलाच संपली. नवं सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काम करायचं आणि थांबायचं.

“भाडं थांबत नाही,” एवढंच त्या म्हणतात आणि बॅग उचलतात.

सकाळी 9.50
कॅडमन प्लाझावरचं फेडरल कोर्ट. आज नव्यानं अटक झालेल्यांसाठी त्यांची पाळी आहे. पहाटे सहाला क्वीन्समध्ये एकाला घरातून उचललंय. तीन व्हॅनचा माल पोचवायचा धंदा. करोनाच्या काळात सरकारनं छोट्या धंद्यांना पगारासाठी कर्जं दिली, तेव्हा यानं बारा कामगार दाखवून दोनदा कर्ज घेतलं, असा आरोप. एकूण 2 लाख 58 हजार डॉलर. कलम वायर फ्रॉडचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मार्गानं फसवणुकीचं, कमाल शिक्षा 20 वर्षं.

वकीलबाई बाकावर बसून तक्रार वाचतात. हातात पेन्सिल. एजंटची शपथ वगैरे भराभर उलटतात. आकड्याशी येऊन थांबतात, त्याखाली दोन रेघा मारतात.

सकाळी 10.30
त्या कोठडीत जातात, मी बाहेर. वकील-अशिलाच्या बोलण्यात तिसरा माणूस बसला की गोपनीयता मोडते. आत एक अर्ज भरायचा असतो: कमाई किती, बँकेत किती, घर कुणाच्या नावावर, पोसायची माणसं किती. शपथेवर. वकील मिळायला कफल्लक असावं लागत नाही, या खटल्याचा खर्च झेपण्यापलीकडचा असला की पुरे.

नंतर जामिनासाठी माहिती गोळा करणारा प्रीट्रायल सर्व्हिसेसचा अधिकारी त्याची चौकशी करतो. वकीलबाई शेजारी बसतात. घर, नोकरी, तब्येत सांगायची. केसबद्दल अवाक्षर नाही.

दुपारी 12.15
कॉरिडॉरमध्ये त्याची बायको उभी आहे. कामावरून थेट आलेली, छातीवर अजून बिल्ला. ती गुन्ह्याबद्दल काही सांगायला लागते, तोच वकीलबाई हात वर करतात. “इथे नको. फोनवरही नको. उद्या ते आत असले तर तुरुंगातला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो.”

मग ती खरा प्रश्न विचारते. तिच्या भावानं एक खासगी वकील गाठलाय. 40 हजार मागतो. घरावर कर्ज काढावं का?

मला वाटलं, वकीलबाई स्वतःची बाजू मांडतील. त्या बाकावर बसतात आणि बाईलाही बसवतात. नेमलेला वकील तुम्हाला निवडता येत नाही, खासगी केव्हाही करता येतो, आज ठरवायची घाई नाही, असं आधी सांगतात. पण पैसे देण्याआधी त्याला विचारा. याच कोर्टात फेडरल केसेस किती चालवल्या? राज्याच्या कोर्टातला अनुभव इथे पुरत नाही. चाळीस हजार कुठपर्यंतचे, तडजोडीपर्यंत की ज्युरीपर्यंत? हे लेखी घ्या. हिशेब तपासायला अकाउंटंट लागेल, त्याचे पैसे कुणाचे? कोर्टात उभं कोण राहणार, तो की त्याचा ज्युनियर? दहा हजारांहून जास्त रोख दिली तर त्याला आयकर खात्याला कळवावं लागतं, ‘नाही लागत’ म्हणाला तर उठा. ‘सोडवतोच’ म्हणाला तरी उठा.

ज्युरीचा प्रश्न त्या दोनदा सांगतात, आणि ते बरोबरच आहे. 2018 साली फेडरल कोर्टांत सुमारे 80 हजार आरोपी होते, खटला उभा राहिला तो जेमतेम दोन टक्क्यांचा. बाकीचं बहुतेक वाटाघाटीत ठरतं. म्हणजे पैसे मोजायचे ते बहुतेक वेळा कागद वाचण्याचे.

बाई पर्समधून पाकीट काढते. निदान आजच्या दिवसाचे तरी घ्या. वकीलबाई ते तिच्या हातात परत मिटतात. कोर्टानं नेमलेल्या वकिलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय घरच्यांकडून एक डॉलरही घेता येत नाही.

दुपारी 2.50
मॅजिस्ट्रेटसमोर सगळं अकरा मिनिटांत आटोपतं. सरकारी वकील जामिनाला विरोध करत नाहीत. एक लाखाचा बाँड, रोख काही भरायचं नाही. पण तो पळाला तर एक लाख बायको आणि मेव्हण्यानं द्यायचे. दोघं सही करतात. मेव्हणा आधी आकडा वाचतो, मग पुन्हा वाचतो. पासपोर्ट जमा. आता 30 दिवसांत ग्रँड ज्युरीकडून आरोपपत्र यायला हवं.

दुपारी 4.20
आर ट्रेन, 2 डॉलर 90 सेंट. सनसेट पार्कमधल्या फेडरल तुरुंगात दुसरा अशील आहे. फोन बाहेर ठेवायचा. त्या आत जातात. भेटीत कितीही वेळ मोडो, आधीचं थांबणं वेगळंच. मी फुटपाथवर. सात वाजता बाहेर येतात, हातातला सँडविचचा कागद तसाच बांधलेला.

रात्री 8.40
परत खोलीत. पिवळ्या पॅडवर त्या मला हिशेब दाखवतात, तक्रारीत जाहीर आहे त्याच आकड्याचा. शिक्षेच्या मार्गदर्शक तक्त्यात अशा गुन्ह्याची मूळ पातळी 7. नुकसान अडीच लाखांच्या वर, म्हणून अधिक 12. एकोणीस. गुन्हा कबूल केला तर वजा 3. सोळा. आधी कधी गुन्हा नसलेल्याला सहसा आणखी वजा 2. चौदा. तक्ता सांगतो 15 ते 21 महिने. नुकसान अडीच लाख किंवा त्याहून कमी ठरलं तर 12 च्या जागी 10, आणि मग 10 ते 16 महिने. तक्ता न्यायाधीशावर बंधनकारक नाही, पण सुरुवात तिथून होते. या दोन हिशेबांमध्ये अंतर फक्त आठ हजार डॉलरचं. तेवढे पैसे खऱ्या ड्रायव्हरांच्या खऱ्या पगारात गेल्याचं दाखवता आलं, तर पाच महिने कमी. त्यासाठी बँकेची स्टेटमेंटं ओळीनं ओळ तपासणारा माणूस हवा. कोर्ट त्याला मंजुरी देऊ शकतं. पण जुलैपासून त्याचेही पैसे थांबलेत.

मग दिवसाचं बिल. सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडून लिहायचं, एका तुकड्याचे साडेसतरा डॉलर. तक्रार वाचली, 0.6. कोठडीतली भेट, 1.1. कॉरिडॉरमधल्या बाईला दिलेली पंचवीस मिनिटं त्या 0.4 अशी लिहितात. खासगी वकील कसा निवडावा हे सांगण्यात गेलेला वेळ आहे तो. जरा थांबतात, खोडून 0.2 करतात.

रात्री 9.30
ओळखीच्या अकाउंटंटला ईमेल जातं. दोन कर्जं, तीन व्हॅन, मंजुरीचा अर्ज उद्या टाकते, पैसे ऑक्टोबरनंतर, जमेल का? दहा मिनिटांत उत्तर येतं. आधीच्या दोन केसचे राहिलेत, पण मंजुरी आली की स्टेटमेंटं पाठवा.

त्या अर्ज टाइप करायला घेतात.