पातळ पेज आणि घट्ट पेज

कुपोषण म्हटले की आपल्या मंडळीतील पुष्कळांना वाटते, त्या घरात दाणाच नसेल. तसेही असते. आषाढ-श्रावणात मागचे धान्य संपलेले आणि नवे शेतात उभे, तेव्हा हात आखडतोच. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर हिंडताना मला दिसते ते थोडे निराळे. घरात तांदूळ आहे, आई तो मायेने शिजवते आहे, आणि तरी मूल वाळत चालले आहे.

कारण त्या वाटीत आहे. सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधावर बाळाचे भागत नाही, म्हणून त्याला भाताची पेज देतात. पेज पातळ, म्हणजे बहुतेक पाणीच. बाळाचे पोट लहान. दोन पळ्यांत ते टम्म होते नि बाळ झोपी जाते. पोट भरले, पण अंगाला लागेल असे फारसे गेले नाही. असे मूल महिनोन् महिने हलके हलके मागे पडते.

मग जुलाब किंवा न्यूमोनिया गाठतो. धडधाकट मूल ज्यातून आठवड्यात उठते, त्यात हे मूल खचते. आजारात भूक मरते, वजन आणखी घटते, आणि पुढचा आजार लवकर येतो. गोवर झाला तर अंगातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा आटतो आणि डोळे धोक्यात येतात. अंगणवाडीतली दंडावर गुंडाळायची रंगीत पट्टी आपण पाहिली असेल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. त्याला घरच्या पेजेवर ठेवायचे नाही, थेट दवाखान्यात न्यायचे.

बाकीच्यांसाठी उपाय डोंगरउतारावरच पिकतो. नागली! १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात त्याचा जेमतेम तिसावा हिस्सा. ती रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर हलकी परतून दळायची. फार भाजू नये, मोडांचा गुण जातो. तो गुण असा: मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारे द्रव्य तयार होते, त्यामुळे जास्त पीठ घातले तरी पेज गोळा होत नाही, बाळाला गिळता येते. त्याच वाटीत दुप्पट अन्न जाते म्हणा ना. मोडांमुळे नागलीतले लोहही अंगी लागायला मदत होते. वर चमचाभर तेल घातले की सुमारे ४० कॅलरी वाढल्या. सोबत घोटलेली डाळ किंवा अंडे हवेच, नुसत्या नागलीने भागणार नाही.

मोठ्यांना हे शिकवावे लागत नाही. पहिल्या पावसात शेवळी उगवली की ती काकडाच्या फळांबरोबरच रांधायची, नाहीतर घसा खाजतो, हे पाड्यावरच्या पोरींनाही ठाऊक. टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, सगळे अंगणाशी आहे. तान्ह्याच्या वाटीत मात्र ते पोचत नाही. पाला बाळाला बाधतो अशी समजूत आहे. बारीक घोटून दिला तर बाधत नाही, हे मी आज्यांच्या पुढ्यात चुलीवर करून दाखवते. सुनांना सांगून उपयोग नाही, घरात शब्द आजीचा चालतो.

खरी अडचण दिवाळीनंतरची. कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलाचे नाव पाड्याच्या अंगणवाडीत आणि मूल दुसऱ्या तालुक्यात. तिथे चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा हीच न्याहारी. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येक आईबरोबर मोडाच्या नागलीचे पीठ डब्यात भरून देतो.

आणि एक विनंती, थोडी स्पष्टच. नाताळाच्या भेटीत पुष्कळ जण प्रेमाने बिस्किटांचे खोके पाठवतात. यंदा त्याऐवजी भाजके शेंगदाणे, गूळ आणि फुटाणे पाठवा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी शेंगदाण्याचे कूट वेगळे बांधा, अख्खा दाणा घशात अडकतो.