पोर्टास्टुडिओ

पोर्टास्टुडिओ हा घरच्या घरी बहुट्रॅक ध्वनिमुद्रण करण्यासाठी बनवलेला, मिक्सर आणि कॅसेट ध्वनिमुद्रक एकाच पेटीत सामावणारा संच होय. जपानमधील टीॲक या कंपनीने त्याचे पहिले प्रारूप 'टीॲक १४४' या नावाने १९७९ मध्ये बाजारात आणले. सर्वत्र मिळणाऱ्या साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करण्याची सोय त्यात होती. त्यामुळे एकटा हौशी कलावंतही स्वतःच्या खोलीत बसून गायन, वादन आणि साथ अशी सर्व अंगे एकामागून एक मुद्रित करू लागला. 'पोर्टास्टुडिओ' हे टीॲकचे व्यापारचिन्ह असले, तरी इतर कंपन्यांच्या तशाच यंत्रांनाही बोलण्यात सर्रास हेच नाव दिले जाते. कंपनीची पुढील प्रारूपे 'टॅस्कॅम' या नाममुद्रेखाली निघाली.

पार्श्वभूमी

एकाच व्यक्तीने अनेक वाद्ये वाजवून त्यांचे एकत्र गीत तयार करण्याची कल्पना पोर्टास्टुडिओपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रणाची व्यवस्था उभारली होती. एका तबकडीवर वाजवलेले ऐकत त्यासोबत दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे, अशा पद्धतीने त्यांनी तयार केलेले 'लव्हर' हे गीत १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे चुंबकीय फितीचा ध्वनिमुद्रक हाती आल्यावर त्यांनी पत्नी मेरी फोर्ड यांच्यासह हीच पद्धत आणखी विकसित केली. 'हाउ हाय द मून' (१९५१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या पद्धतीत एक मोठा धोका होता. शेवटच्या थरात चूक झाली, तर त्याखालचे सर्व थरही वाया जात.

फितीच्या रुंदीचे भाग पाडून प्रत्येक भागावर वेगळा ध्वनी नोंदवणे, हा यावरील उपाय ठरला. अशा प्रत्येक भागाला 'ट्रॅक' म्हणतात. एक ट्रॅक पुसून पुन्हा मुद्रित केला, तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा १९६७ चा गाजलेला अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवरच मुद्रित झाला होता. त्याच वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी यांनी १९७० च्या आपल्या पहिल्या एकल अल्बमचा बराच भाग लंडनमधील घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. तथापि, ही यंत्रे व्यावसायिक स्टुडिओंसाठी बनवलेली होती. त्यांचा आकार आणि किंमत सामान्य हौशी कलावंताच्या आवाक्यातील नव्हती. स्टुडिओ भाड्याने घ्यावा, तर पैसे तासांच्या हिशोबाने मोजावे लागत. परिणामी, एखादी नवी कल्पना चुकतमाकत आजमावून पाहण्याची चैन बहुतेकांना परवडत नसे.

रचना

साध्या स्टीरिओ कॅसेटच्या फितीवर एकूण चार ट्रॅक असतात. दोन ट्रॅक एका बाजूने वाजतात आणि कॅसेट उलटवल्यावर उरलेले दोन वाजतात. पोर्टास्टुडिओमध्ये हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले जातात. त्यामुळे कॅसेटला दुसरी बाजू उरत नाही. शिवाय टीॲक १४४ मध्ये फीत सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर या प्रचलित वेगाऐवजी दुप्पट, म्हणजे सुमारे ९.५ सेंटिमीटर वेगाने धावते. वेग वाढल्याने उंच स्वर अधिक स्पष्ट उमटतात, पण फीत लवकर संपते. साध्या यंत्रावर एकूण ६० मिनिटे वाजणाऱ्या कॅसेटवर येथे केवळ १५ मिनिटांचे मुद्रण होते.

ट्रॅक अरुंद असल्याने फितीची मूळची सरसर अधिक ऐकू येते. ती दाबण्यासाठी टीॲक १४४ नंतरच्या अनेक प्रारूपांत 'डीबीएक्स' ही यंत्रणा बसवलेली असते. मुद्रण करताना ती ध्वनीच्या लहानमोठेपणातील अंतर निम्मे करते आणि वाजवताना तेवढ्याच प्रमाणात पुन्हा वाढवते. त्यामुळे संगीत मूळ पातळीवर येते आणि फितीची सरसर मात्र खाली दबते.

नवा ट्रॅक जुन्या ट्रॅकशी तालात जुळणे ही बहुट्रॅक मुद्रणातील कळीची बाब असते. मुद्रण करणारे हेड आणि वाजवणारे हेड एकमेकांपासून दूर असल्यास फितीला एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास वेळ लागतो आणि नवे वादन जुन्याच्या मागे पडते. पोर्टास्टुडिओमध्ये मुद्रण आणि वादन ही दोन्ही कामे एकच हेड करत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

यंत्राच्या दुसऱ्या भागात मिक्सर असतो. प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणे, त्याच्या खर्ज आणि उंच स्वरांचे प्रमाण बदलणे, तसेच तो डावीकडे किंवा उजवीकडे ऐकू येईल असे पाहणे, ही कामे त्यावर होतात.

कार्यपद्धती

सर्वसाधारणपणे पहिल्या ट्रॅकवर लय धरणारे वाद्य मुद्रित केले जाते. मग ते हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर साथ आणि तिसऱ्यावर गायन घेतले जाते. सर्व ट्रॅक भरल्यावर त्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते दुसऱ्या साध्या स्टीरिओ ध्वनिमुद्रकावर उतरवले जाते. हीच अंतिम प्रत होय.

चारपेक्षा अधिक भाग हवे असल्यास 'बाउन्सिंग' ही युक्ती वापरली जाते. पहिले तीन ट्रॅक भरल्यावर त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि ते उतरत असतानाच एक नवा भाग प्रत्यक्ष वाजवून त्यात मिसळायचा. अशा रीतीने चौथ्या ट्रॅकवर चार भाग जमा होतात आणि पहिले तीन ट्रॅक पुन्हा मोकळे होतात. याच क्रमाने तिसऱ्या ट्रॅकवर तीन, दुसऱ्यावर दोन आणि पहिल्यावर एक, असे एकूण दहा भाग चार ट्रॅकवर बसवता येतात.

या युक्तीची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक वेळी प्रत उतरवताना सरसर वाढते आणि उंच स्वर मंदावतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकदा मिसळलेले भाग पुन्हा वेगळे करता येत नाहीत, कारण मूळ ट्रॅकवर नवे मुद्रण झालेले असते. साथीचे वाद्य किती मोठे ठेवावे, याचा निर्णय गायन मुद्रित होण्याआधीच आणि कायमचा घ्यावा लागतो.

'नेब्रास्का'

पोर्टास्टुडिओचे सर्वांत प्रसिद्ध फलित म्हणजे अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा 'नेब्रास्का' (१९८२) हा अल्बम. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात, झोपण्याच्या खोलीत, त्यांनी टीॲक १४४ आणि दोन मायक्रोफोन यांच्या साह्याने काही गीते मुद्रित केली. आपल्या वाद्यवृंदाला गीते समजावीत, एवढाच त्यामागील हेतू होता. मिश्रण करताना प्रतिध्वनी देणारे एक यंत्र वापरून ते एका जुन्या घरगुती कॅसेट प्लेअरवर उतरवण्यात आले.

पुढे वाद्यवृंदासह स्टुडिओत ही गीते पुन्हा मुद्रित केली गेली. मात्र त्यांतील अनेक गीतांत कच्च्या मुद्रणातील एकाकीपणा हरवल्याचे जाणवले. अखेर मूळ कॅसेटच प्रसिद्ध करण्याचे ठरले. साध्या कॅसेटवरील या मुद्रणापासून ग्रामोफोन तबकडी तयार करणे तंत्रज्ञांना बरेच जड गेले, परंतु अनेक प्रयत्नांनंतर ते साधले आणि ३० सप्टेंबर १९८२ रोजी अल्बम प्रकाशित झाला. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गीतही प्रथम याच कॅसेटच्या वेळी मुद्रित झाले होते. त्याचे वाद्यवृंदासह केलेले रूप मात्र १९८४ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये आले. एकाच खोलीत जन्मलेल्या गीतांपैकी काहींना स्टुडिओ मानवला आणि काहींना मानवला नाही, हे यावरून दिसते.

प्रसार आणि प्रभाव

१९८२ मध्ये आलेल्या '२४४' या प्रारूपात चारही ट्रॅक एकाच वेळी मुद्रित करण्याची सोय झाली. फॉस्टेक्स, यामाहा आदी कंपन्यांनीही चार ट्रॅकची कॅसेट यंत्रे बाजारात आणली. १९९० च्या दशकात अशा घरगुती मुद्रणांतून 'लो-फाय' या नावाने ओळखली जाणारी शैली पुढे आली. फितीची सरसर आणि किंचित फाटलेला आवाज हे दोष न मानता जवळिकीची खूण मानणे, हे तिचे वैशिष्ट्य. ओहायो राज्यातील गायडेड बाय व्हॉइसेस या वाद्यवृंदाचा 'बी थाउजंड' (१९९४) आणि एलियट स्मिथ यांचा 'रोमन कँडल' (१९९४) हे या धाटणीचे महत्त्वाचे अल्बम होत. इंग्लिश गायिका पी. जे. हार्वी यांनी 'रिड ऑफ मी' हा स्टुडिओतील अल्बम प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी, १९९३ मध्ये, घरी मुद्रित केलेली कच्ची रूपे 'फोर-ट्रॅक डेमोज' या नावाने प्रकाशित केली. दोन्हींत काही गीते समान असल्यामुळे घर आणि स्टुडिओ यांतील फरक अभ्यासण्यासाठी ही जोडी उपयुक्त ठरते.

भारतीय संगीताच्या संदर्भात

भारतात १९८० च्या दशकात कॅसेटमुळे प्रादेशिक गीतांचा आणि भक्तिसंगीताचा मोठा प्रसार झाला. मात्र ती क्रांती मुख्यतः प्रती काढण्याची आणि वितरणाची होती, तर पोर्टास्टुडिओने घडवलेला बदल निर्मितीचा होता. या दोन गोष्टींत गल्लत होता कामा नये.

थरावर थर चढवण्याची ही पद्धत सर्व संगीतप्रकारांना सारखीच उपयुक्त नाही. चाल, कडव्यांची रचना आणि लय आधीच ठरलेल्या भावगीताला ती सहज मानवते. ख्यालगायनात मात्र गायक आणि तबलावादक यांचा संवाद प्रत्यक्ष मैफिलीतच घडतो. गायक समेवर कसा येणार हे पाहून तबलजी ठेक्यात भर घालतो आणि संवादिनीवादक गायकाच्या सुरावटीचा क्षणोक्षणी माग घेतो. आधी तबला मुद्रित करून नंतर त्यावर गायल्यास हा संवाद एकतर्फी होतो. म्हणून अशा संगीतासाठी चार ट्रॅकचा उपयोग थर रचण्यापेक्षा सर्व कलावंतांना एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करून नंतर आवाजाचा समतोल साधण्यासाठी अधिक योग्य ठरतो.

ऱ्हास आणि वारसा

१९९० च्या दशकात अंकीय ध्वनिमुद्रण स्वस्त होत गेले आणि पुढे घरगुती संगणकानेच ध्वनिमुद्रकाची जागा घेतली. २००० मध्ये आलेली ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली आणि २००४ मध्ये ॲपलने आणलेली गॅरेजबँड यांमुळे ट्रॅकच्या संख्येची मर्यादा जवळजवळ संपली. झालेली कृती मागे घेण्याची सोय मिळाल्याने निर्णय हवा तितका लांबवणेही शक्य झाले. टॅस्कॅमने पुढे 'पोर्टास्टुडिओ' हेच नाव आपल्या अंकीय यंत्रांना दिले. तरीही मर्यादेतून येणारी शिस्त आणि फितीचा विशिष्ट नाद यांसाठी काही कलावंत आजही जुनी कॅसेट यंत्रे वापरतात.

जुन्या मुद्रणांचे जतन

चार ट्रॅकची कॅसेट साध्या प्लेअरवर वाजवल्यास ती बिघडल्यासारखी वाटते. चारपैकी दोनच ट्रॅक ऐकू येतात. मुद्रण दुप्पट वेगाचे असल्यास ते निम्म्या गतीने, एक सप्तक खाली वाजते. कॅसेट उलटवल्यास उरलेले दोन ट्रॅक शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकू येतात. अनोळखी हाती पडलेली अशी कॅसेट निकामी समजून टाकून दिली जाण्याची किंवा तिच्यावर दुसरे काही मुद्रित केले जाण्याची शक्यता असते. व्यावसायिक मुद्रणाच्या अनेक प्रती अस्तित्वात असतात, तर घरगुती मुद्रणाची ही एकच प्रत असते. त्यामुळे तिच्याबरोबर ते संगीतही कायमचे नाहीसे होते.

अशी कॅसेट अंकीय स्वरूपात उतरवताना त्याच वेगाचे आणि त्याच सरसर-नियंत्रक यंत्रणेचे यंत्र वापरावे लागते, तसेच चारही ट्रॅक एकाच वेळी स्वतंत्रपणे उतरवणे इष्ट असते. वाजवण्यापूर्वी हेड स्वच्छ करावे. दमट हवेत फितीवर बुरशी धरू शकते, अशी कॅसेट तपासल्याशिवाय वाजवू नये. कॅसेटच्या खोक्यावर प्रारूपाचे नाव, वेग, 'डीबीएक्स'चा वापर आणि प्रत्येक ट्रॅकवर काय आहे याची नोंद असल्यास हे काम पुष्कळ सोपे होते.

हे सुद्धा पहा

ध्वनिमुद्रण
कॅसेट
मायक्रोफोन
लेस पॉल