जुनी पजेरो: किंमत कमी, खर्च किती?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत एक गोष्ट वारंवार पाहावयास मिळते. एखाद्या कारखानदाराला किंवा कापडाच्या व्यापाऱ्याला दोन सीझन बरे गेले की दलाल त्याच्याकडे जुनी पजेरो घेऊन येतो. नव्या लहान गाडीपेक्षाही कमी पैशांत एवढी भारदस्त गाडी मिळते म्हटल्यावर सौदा लवकर पटतो. आमच्या पेढीत 2006 सालची अशी एक गाडी आजही चालते, त्यामुळे पुष्कळ व्यापारी बांधव घेण्यापूर्वी आमच्याकडे विचारपूस करायला येतात. आम्ही त्यांना किमतीविषयी काही विचारत नाही. गाडीचे पैसे दिल्यावर हातात रोकड किती उरते, एवढेच विचारतो. काहीच उरत नसेल तर ती गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण कारखानदाराला समजावून सांगण्याची गरज पडू नये. जुना माग भंगाराच्या भावात मिळतो, पण त्याचे सुटे भाग भंगाराच्या भावात मिळत नाहीत. गाडीचेही तसेच आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, परंतु तिच्या टर्बोची, गिअरबॉक्सची, एसीच्या कॉम्प्रेसरची किंमत उतरत नाही. ती महागड्या गाडीची म्हणूनच राहते.

आपल्याकडे जी पजेरो सर्वाधिक दिसते ती एसएफएक्स. हिंदुस्तान मोटर्सने ती 2002 पासून चेन्नईजवळच्या तिरुवल्लूर येथील कारखान्यात जुळवून विकली. जपानमध्ये हा आकार 1991 साली आला होता आणि 1999 मध्ये तिकडे तो बदललाही होता. म्हणजे आपल्याकडे नवी म्हणून आलेली गाडी मुळातच मागच्या पिढीची होती. यात वाईट काही नाही. 2.8 लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन, त्याला बेल्टऐवजी टायमिंग चेन, साधा यांत्रिक डिझेल पंप, खाली ट्रकसारखी मजबूत चासी. कॉम्प्युटरचे काम कमी असल्याने हुशार मिस्त्री ही गाडी आजही हाताने दुरुस्त करू शकतो. मित्सुबिशीने पजेरोचे उत्पादन 2021 मध्ये जगभरच थांबवले, तेव्हा आता जे आहे ते सांभाळूनच चालवावे लागते.

आधी डिझेलचा हिशोब करू. दोन टनांच्या आसपास वजनाची ही गाडी लिटरला 9 किलोमीटर गेली तर समाधान मानावे. वर्षाला 12,000 किलोमीटर धावणे धरले तर सुमारे 1,333 लिटर डिझेल लागते. लिटरला 90 रुपये धरा, म्हणजे 1,20,000 रुपये झाले. लिटरला 18 किलोमीटर जाणाऱ्या लहान डिझेल गाडीला यातले निम्मेच लागले असते. हा फरक दरवर्षीचा आहे, आणि तो दलालाच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. आम्ही गाडीचे खाते दुकानाच्या खतावणीत वेगळे ठेवतो. प्रत्येक वेळी टाकी गळ्यापर्यंत भरून किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवले की गाडीची तब्येत आपोआप कळते. 9 वरून आकडा 7 वर आला तर डिझेलचोरी, चिकटलेला ब्रेक, कोंदलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेले नोझल यांपैकी काहीतरी निश्चित आहे.

आता डिझेल स्वतः. पुष्कळ लोक म्हणतात की नवे डिझेल "कोरडे" आहे, जुन्या पंपाला मारते. यात अर्धेच तथ्य आहे. 2010 मध्ये देशभर भारत स्टेज तीनचे डिझेल आले, तेव्हा त्यात दर दहा लाख भागांत 350 भाग गंधक चालत होते. एप्रिल 2017 पासून देशभर ही मर्यादा 50 झाली आणि 1 एप्रिल 2020 पासून 10. जुन्या पंपाला वंगण वेगळे दिले जात नाही, आतून जाणारे डिझेलच त्याचे वंगण असते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा हा चिकटपणाचा गुण कमी होतो हे खरे. पण रिफायनरीत तो भरून काढणारे द्रव्य पुन्हा घातले जाते आणि त्याचे मानकही ठरलेले आहे. म्हणून चांगल्या पंपावरचे डिझेल असेल तर टाकीत टू-स्ट्रोक ऑइल किंवा बाटल्यांतले औषध ओतत बसण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

खरे नुकसान होते ते जुन्या रबराचे. वर्षानुवर्षे जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले सील नव्या डिझेलमध्ये आक्रसतात. मग पंपाच्या झाकणापाशी ओल दिसू लागते, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी हवा घेते आणि स्टार्ट व्हायला त्रास देते. अशा वेळी काही गॅरेजवाले पूर्ण पंप खराब झाल्याचे सांगून मोठे बिल काढतात. आधी पंप-नोझलच्या कारागिराकडे जाऊन फक्त सील किट बदलून घ्यावे. बहुतेकदा तेवढ्यावर काम भागते.

रॉकेलची भेसळ, किंवा हायवेच्या कडेला "बायोडिझेल" म्हणून विकला जाणारा स्वस्त माल, याच्या जवळपासही जाऊ नये. लिटरमागे चार पैसे वाचतात आणि पंप घासला जातो. तद्वतच पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी बसते. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो दर पंधरवड्याला सैल करून पाणी सोडणे हे पाच मिनिटांचे काम आहे, ड्रायव्हरला शिकवून ठेवावे.

ज्यांच्याकडे पेट्रोलवरची जुनी फोर व्हील गाडी आहे त्यांची अडचण निराळी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येते. पूर्वी शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि 10 टक्क्यांवर बसवलेल्या चारचाकीचे अॅव्हरेज यामुळे 6 ते 7 टक्के घटते, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच दिला आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खाते. नळ्या बदलून घ्याव्यात, आणि गाडी महिनोन्महिने भरलेल्या टाकीने उभी ठेवू नये.

या सर्वांपेक्षा मोठा खर्च मात्र पाण्यापासून निघतो, म्हणजे रेडिएटरपासून. हे इंजिन कष्टाळू आहे, पण ताप सहन करत नाही. एकदा काटा लालवर गेला आणि तशीच गाडी घरापर्यंत ओढली तर हेडला तडा जातो, आणि मग सूतवाल्याची उधारी थकवून हेड बांधण्याची पाळी येते. असे सौदे आम्ही बाजारात पाहिले आहेत. आपल्या गावांत याला आणखी एक कारण आहे ते म्हणजे मागांवरून उडणारी रुई. कारखान्याच्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत रुई साचते, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते आणि नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, हवा मात्र आत जात नाही. वर्षातून एकदा कंडेन्सर पुढे ओढून मधली जागा साफ करावी. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावे, आणि जोर कमी ठेवावा, नाहीतर पाती वाकतात. एअर फिल्टरही पुस्तकात लिहिलेल्या मुदतीची वाट न पाहता उघडून बघावा.

रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, त्याने आत क्षार धरतो. कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे निम्मे भरावे. पंख्याचे कपलिंग ढिले पडले आहे का हेही तपासून घ्यावे. इंजिन तापलेले असताना बंद केल्यावर पंखा मोकळा गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेले असे समजावे. इंजिन ऑइल आम्ही 5,000 किलोमीटरला बदलतो. घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटे गाडी चालू ठेवावी, म्हणजे टर्बोला ऑइल मिळत राहते.

फोर व्हीलचा लिव्हर पुष्कळांच्या गाडीत केवळ शोभेसाठी असतो. वर्षभर हलवला नाही तर तो गरजेच्या वेळी हलत नाही. महिन्यातून एकदा कच्च्या जमिनीवर फोर व्हील लावून अर्धा-एक किलोमीटर चालवावे. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लुकलुकत राहिला तर लगेच गिअरबॉक्स उघडू देऊ नका. पुष्कळदा व्हॅक्यूमची एखादी कडक झालेली नळी एवढेच कारण निघते. लॉक लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवणे म्हणजे आतले गिअर पिळणे होय. टायर चारही एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. दोन नवे, दोन जुने ही काटकसर फोर व्हील गाडीत महागात पडते. गाडी पुराच्या पाण्यातून गेली असेल तर पुढचे-मागचे डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचे ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्याच आठवड्यात बदलावे.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. वापरलेला माल तिथे मिळतो, पण जुना भाग सोबत नेऊन माप जुळवल्याशिवाय घेऊ नये. दुबई किंवा सौदीतल्या नातेवाइकाकडून भाग मागवण्याचाही रिवाज आहे. लक्षात ठेवावे की तिकडच्या पजेरो बहुतांश पेट्रोलच्या असतात, तेव्हा इंजिनाचे भाग तिकडून मागवण्यात अर्थ नाही. हेडलाइटही मागवू नयेत. तिथे रहदारी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे त्या दिव्यांचा झोत आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

शेवटी कागदपत्रे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्याची फी एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाली आणि 20 वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 करण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्यासाठी आरसी बुकावरची तारीख आधी पाहावी, रंग आणि सीटकव्हर नंतर. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील बंदी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, त्यानंतर तिकडच्या पुष्कळ गाड्या स्वस्तात इतर राज्यांत विकायला आल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी, कर्ज फिटल्याचा बँकेचा कागद आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा रोड टॅक्स, हे तिन्ही सौद्याच्या आकड्यात धरावेत, आणि एनओसी हातात पडेपर्यंत रकमेचा काही भाग स्वतःकडे रोखून ठेवावा.