मांजराचा मुतखडा आणि पाकिटातलं पथ्य

मांजर लिटर ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतं, जोर करतं, दोन थेंब पडतात, कधी त्यात रक्त दिसतं. मग मोरीत, गादीवर, धुवायच्या कपड्यांवर लघवी होते. घरातल्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालंय किंवा मुद्दाम खोड्या काढतंय. दवाखान्यात नेल्यावर पुष्कळदा ‘युरिनरी’ असं छापलेलं महागडं पाकीट हातात येतं. त्या पाकिटाभोवती इतक्या समजुती साचल्या आहेत, की खाद्य चांगलं असूनही वाया जातं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण तिथे खाद्याचा काही उपयोग नाही. बोका जोर करतोय आणि थेंबही पडत नाही, अशा वेळी पाकीट शोधत बसू नये. रात्र असो की रविवार, त्याला उचलून दवाखाना गाठावा. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. खड्याने किंवा स्फटिक आणि चिकट स्रावाच्या बुचाने तो बंद झाला, की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे तिच्यात हे क्वचित घडतं. नसबंदीमुळे हा मार्ग अरुंद होतो, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्ष मोजमापात तसं आढळलेलं नाही. नसबंदीनंतर बोका सुटतो आणि लोळत राहतो. धोका त्या वाढलेल्या वजनाचा आहे.

‘लघवीचा त्रास म्हणजे खडा, नाहीतर जंतुसंसर्ग’

हा हिशोब आपण माणसांवरून लावतो. तरुण मांजराची लघवी इतकी दाट असते की जंतूंना तिथे सहसा थारा मिळत नाही. दहा वर्षांपुढच्या, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजरांत संसर्गाचं प्रमाण वाढतं, ही गोष्ट वेगळी. या तक्रारी घेऊन येणाऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत खडाही सापडत नाही आणि जंतूही नाहीत. मूत्राशयाला सूज असते, पण नेमकं कारण हाती लागत नाही. ताणाचा त्यात मोठा वाटा असतो, हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टोनी बफिंग्टन यांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवलं. घरात दुसरं मांजर आलं, रंगकाम निघालं, ट्रेची जागा बदलली, एवढंही पुरतं.

या सुजेचा एक खट्याळ गुण असा, की ती बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरते. साहजिकच त्या आठवड्यात जे काही दिलं असेल, त्याला श्रेय मिळतं: अँटिबायोटिक, क्रॅनबेरीची पूड, सातूचं पाणी. शेजारच्या काकूंचा उपाय ‘लागू पडला’ तो असा.

यातले काही उपाय निरुपद्रवी आहेत, काही मुळीच नाहीत. मुतखड्यावर पानफुटीचं पान खायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण या वनस्पतीतली द्रव्यं मांजराच्या हृदयावर विषासारखी काम करतात. दुखतंय म्हणून पॅरासिटामोलचा तुकडा दिला, तर तेवढ्यानेही मांजर जातं. उन्हाळी लागल्यावर माणसं पितात ती सिरपं लघवी आम्लारिधर्मी करतात. मांजरातला एक नेहमीचा खडा तशाच लघवीत वाढतो.

‘युरिनरी खाद्याने खडा विरघळतो’

कुठला खडा, ते आधी सांगा. मांजरांत प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. स्ट्रुव्हाइट हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा. पथ्याच्या खाद्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बेताचे ठेवतात, लघवी किंचित आम्लधर्मी होईल अशी घडण करतात आणि मांजराने जास्त पाणी प्यावं अशी योजना करतात. लघवीत ही द्रव्यं इतकी विरळ होतात, की साचलेला खडा झिजू लागतो. दोन ते चार आठवड्यांत तो पुष्कळदा नाहीसा होतो, शस्त्रक्रियेविना. म्हणूनच अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या 2016च्या मार्गदर्शनात स्ट्रुव्हाइटसाठी आधी खाद्याचाच प्रयोग सुचवला आहे.

दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. तो कोणत्याही खाद्याने विरघळत नाही, काढावाच लागतो. पुन्हा होऊ नये म्हणून खाद्याची मदत होते, इतकंच.

या दोघांचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. मिनेसोटा विद्यापीठात 1981 पासून जगभरातून आलेले प्राण्यांचे खडे तपासले जातात. सुरुवातीला मांजरांच्या खड्यांपैकी 78 टक्के स्ट्रुव्हाइट होते आणि कॅल्शियम ऑक्झलेट अवघे 2 टक्के. मग कंपन्यांनी साध्या कॅट फूडमध्येही मॅग्नेशियम घटवलं, आम्लता वाढवली. 2002 पर्यंत चित्र उलटलं: ऑक्झलेट 55 टक्के, स्ट्रुव्हाइट 33. खाद्यातला हा बदल त्यामागचं एक कारण मानला जातो. ‘लघवी जितकी आम्लधर्मी तितकी बरी’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. पथ्याच्या खाद्यावर आणखी आम्लता वाढवणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करणं, हा म्हणूनच शुद्ध धोका आहे.

‘थोडं युरिनरी, थोडी सुकट’

सगळ्यांत जास्त पाणी इथे फिरतं. खाद्याचं सगळं गणित ‘दिवसभरात पोटात दुसरं काही जात नाही’ या गृहीतावर बसवलेलं असतं. वरून सुकट, सुके बोंबील, मांदेलीची डोकी, साधं कॅट फूड गेलं, की ज्या खनिजांना दार बंद केलं तीच खिडकीतून येतात. दूधभात तर सोज्वळ समजला जातो. पण भातासारख्या वनस्पतिजन्य अन्नाने लघवी आम्लारिधर्मी होते, आणि मोठ्या मांजराला दूध पचतंच असंही नाही.

घरात दोन-तीन मांजरं असली तर ताटल्या वेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात. पिल्लं आणि गाभण भाटी यांना हे खाद्य देऊ नये.

‘किडनीचं आणि लघवीचं खाद्य एकच’

पाकिटं सारखी दिसतात, दुकानदारही कधीकधी एकाऐवजी दुसरं देतो. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या मांजराचं शरीर आधीच आम्लाकडे झुकलेलं असतं. त्याला आम्लता वाढवणारं खाद्य नको असतं. शिवाय तहान वाढावी म्हणून काही युरिनरी खाद्यांत मीठ जास्त असतं. निरोगी मांजराला ते चालतं. हृदयविकार, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

‘ड्राय काय, पाऊच काय, औषध तेच’

मांजराचा पूर्वज म्हणजे कोरड्या मुलखातलं रानमांजर. कमी पाण्यात भागवायचं आणि लघवी दाट करायची, ही त्याची जुनी सवय. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, पाऊचमध्ये पाऊणशेहून जास्त. कारण न सापडणाऱ्या सुजेच्या मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात एकाच पथ्याचं ओलं आणि कोरडं रूप वर्षभर देऊन पाहिलं. ओलं खाणाऱ्यांपैकी 11 टक्के मांजरांना त्रास पुन्हा झाला, कोरडं खाणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना. माझं मत विचाराल तर पाकिटावरच्या नावाइतकंच पाण्याकडे लक्ष द्यावं. पाऊच परवडत नसेल तर दाण्यांत कोमट पाणी घालावं आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब ठेवावीत.

‘भूक लागली की खाईल मुकाट्याने’

कुत्रा खाईल. मांजर, त्यातही लठ्ठ, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. नवं खाद्य जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदलावं. नाकच मुरडलं तर दुसरी चव, दुसरी कंपनी पाहावी.

‘रिपोर्टमध्ये क्रिस्टल्स आले, म्हणजे आजार’

निरोगी मांजराच्या लघवीतही स्फटिक सापडतात. शिवाय लघवी थंड झाली, तास दोन तास पडून राहिली, तर नसलेले स्फटिकही बाटलीत तयार होतात. त्यामुळे खडा आहे की नाही हे एक्स-रे आणि सोनोग्राफीवरून ठरवतात. नमुना घरून न्यायचा असेल तर फ्रिजमध्ये ठेवू नये, लगेच पोचवावा, आणि लघवी कधी धरली ती वेळ बाटलीवर लिहावी.