मज्जारोपणानंतर मुलाचा अभ्यास

‘मगज बदलला’ असे कानावर आले की अनेकांना डोक्यातला मेंदूच आठवतो, आणि त्या मुलाकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागतात. वास्तविक मज्जारोपणात मेंदूला कोणी हात लावीत नाही. रक्त तयार होते ते हाडांच्या आतील मज्जेत. रक्ताचा कर्करोग किंवा थॅलेसेमियासारख्या आजारात ती रोगट मज्जा जबर औषधांनी नाहीशी करतात आणि भावंडाची किंवा जुळणाऱ्या दुसऱ्या कोणाची निरोगी मज्जा सलाईनप्रमाणे शिरेतून देतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ पासून आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ पासून हे उपचार होत आहेत.

मेंदूला झळ पोचलीच तर ती आधीच्या औषधांची, आणि त्याहून अधिक सर्वांगाला दिलेल्या किरणांची. थॅलेसेमियाच्या मुलांना बहुधा किरण देत नाहीत, हा एक दिलासा. अमेरिकेतील मेम्फिस शहरात संत यहूदाच्या नावाचे बालरुग्णालय आहे. नट डॅनी थॉमस यांनी आपला नवस फेडण्यासाठी ते उभारले व १९६२ साली ते सुरू झाले. तेथील डॉक्टरांनी अशा मुलांची बुद्धी अनेक वर्षे तपासली. २००० व २००८ सालच्या त्यांच्या अहवालांप्रमाणे बहुतेक मुलांची बुद्धी टिकून राहते. सहा वर्षांवरील मुलांना धोका थोडा, अगदी तान्ह्यांना अधिक. आणि अभ्यासावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो घरच्या परिस्थितीचा! म्हणजे गरिबाघरच्या मुलाला शेजारपाजारच्यांची व सिस्टरांची मदत औषधाइतकीच हवी.

रोपणानंतर सहा महिने ते वर्षभर शाळा बुडते. शेतकरी घरात तर गोठा, गवताची गंजी, शेणखताचा खड्डा यांपासूनही मुलाला दूर ठेवावे लागते, कारण तेथील बुरशी त्याच्या छातीत शिरू शकते. मूल एकटे पडते. या काळात डॉक्टरांना विचारून रोज वीस-वीस मिनिटे दोन-तीनदा वाचन व गणित घ्यावे. एका बैठकीत तासभर नको.

शाळेत गेल्यावर मूल लिहिण्यात मागे पडते, लक्ष उडते, तीन कामे सांगितली तर एक विसरते. तरवा उपटून लावणी केली की काही दिवस पिवळा पडतो, म्हणून आपण तो फेकीत नाही. येथे मात्र लगेच पाठीत धपाटा बसतो. त्याआधी कान, डोळे व थायरॉइड तपासून घ्यावे. काही औषधांनी ऐकू कमी येते, किरणांनी मोतीबिंदू होतो, थायरॉइड मंदावून मूल सुस्त होते. या तिन्हींवर इलाज आहे. गुरुजींना किंवा बाईंना आजाराची माहिती द्यावी, पुढच्या बाकावर जागा व पेपराला थोडा जादा वेळ मागावा.

बुद्धीची चाचणी शक्यतो रोपणाआधी एकदा व नंतर दरवर्षी करावी. मानसशास्त्रज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयांत ती होते. कोणती औषधे व किती किरण दिले, हा कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावा. दहा वर्षांनीही डॉक्टर तो मागतील.